विलफ्रेडचा फटका, लेरॉयची चूक

येशू, मरिया, योसेफ

सेंट वॉलबर्ग,
मरियामातेच्या स्वर्गउन्नयनाचा सण, दुपार

परमपूज्य फादर सिरिल यांच्या चरणी, आणि त्याच अंगरख्यात असलेल्या आमच्या धाकट्या सिरिलला, थोरली बहीण टिली हिचा नमस्कार आणि आशीर्वाद. ज्याचं त्याने वाटून घ्यावं.

या पत्रात जिथे 'आपण' येईल तिथे मी धर्मगुरूंशी बोलते आहे असं समजावं, आणि जिथे 'तू' येईल तिथे ज्याचं नाक मी पुसलं त्याच्याशी. खरं तर दोघांना दोन पत्रं लिहायला हवी होती, पण एवढा कागद कुठून आणू? कागदाबद्दल राग नसावा. मागच्या बाजूला जुलै महिना आहे. पशुखाद्याच्या गिरणीचं कॅलेंडर दरवर्षी चांगल्या जाड कागदावर येतं, आणि महिना संपला म्हणून इतकी स्वच्छ पाठ चुलीत घालणं मला जमत नाही. (रकान्यांत माझी अंड्यांची टिपणं दिसतील, ती वाचू नयेत. त्यात पापनिवेदन करण्यासारखं काही नाही.) टपालाचं तिकीटही लावलेलं नाही. आमचं दूध उचलून टँकर तुमच्या क्लाइनडॉर्फच्याच डेअरीत जातो, त्याच्या ड्रायव्हरला घरचा काळा पाव देऊन हे पत्र सोपवते आहे. फोन केला असता, पण आमच्या लाइनवर शेजारची घरंही आहेत, आणि त्या सगळ्या घरांत सध्या माझ्याबद्दलच बोलणं चालू असतं. त्यांच्या मधे मी कशाला बोलू?

आपली प्रकृती कशी आहे? पित्ताच्या खड्यांचं डॉक्टर काय म्हणाले? तळलेलं खाऊ नकोस. तुझी नवी स्वयंपाकीण लोणी सढळ हाताने घालते असं कानावर आलंय. लोणी धर्मग्रामाचं आहे आणि पित्ताशय तुझं, तेव्हा दोन्ही जपून वापर. इकडे सगळे ठीक. अलॉइसचा गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो. लाल गाय गाभण आहे की नाही, ते अजून नक्की कळत नाही. टोमॅटो सगळे एकदम पिकलेत. आज सण, कष्टाचं काम करायचं नाही, म्हणून मी बाटल्या भरायच्या सोडून पत्र लिहायला बसले आहे, आणि टोमॅटो, ज्यांना सणवार कळत नाहीत, ते ओट्यावर बसून माझ्याकडे बघताहेत.

तर आता रविवारच्या, आपल्या दोन गावांतल्या बेसबॉलच्या सामन्याबद्दल. तुमच्या गावची हकिगत तू ऐकलीच असशील. बिशपने तुला जूनमध्ये क्लाइनडॉर्फला नेमल्यापासून तू सामन्यांना येणं सोडलंस, कुठल्या बाजूच्या बाकावर बसावं ते कळत नाही म्हणून. (शहाणपणाचं केलंस. पण खिडक्या लावून रेडिओ मोठ्याने लावायची गरज नव्हती. तुझ्या स्वयंपाकिणीने ते सगळीकडे सांगितलंय.) म्हणून आता माझी हकिगत ऐक, म्हणजे दोन्हीच्या मधे कुठे तरी खरं काय ते सापडेल.

तुला माहीत आहेच, आमच्या संघाची स्कोअरची वही मी लिहिते. मी काही मागून घेतलेलं काम नाही ते. आधी लिहिणारे म्हातारे ऑगस्टीन वारले आणि गावात बेरीज-वजाबाकीला कंटाळत नाही असं दुसरं कोणी निघालं नाही. मी मॅट्रिक झालेली, घरचा हिशोब मी ठेवते, ख्रिस्ती मातांच्या मंडळाचाही मीच ठेवते, मग सामन्याचा काय जड? फरक एवढाच, की घरच्या हिशोबात अंडं फुटलं तर फुटलं. ते अंड्याने स्वतःहून फुटून घेतलं की कोणाच्या हातून पडलं, हे लिहावं लागत नाही. बेसबॉलच्या वहीत तेच लिहावं लागतं. बॉल मारणारा धावत, बाद न होता बेसवर पोचला, तर तो आपल्या कर्तबगारीने पोचला का समोरच्याने बॉल घालवला म्हणून पोचला? पहिलं असेल तर फटका लिहायचा, दुसरं असेल तर चूक. बेसवर माणूस तोच, धूळ तीच, पण एक अक्षर मी कुठल्या रकान्यात घालते त्यावर गावाचं जेवण गोड किंवा कडू होतं. आणि ते मी एकटीने ठरवायचं असतं. पंचसुद्धा त्यात बोलत नाही. बोलतात फक्त फादर गॅलस.

फादर गॅलस, आपणास ठाऊक आहे, आमचे धर्मगुरू, आणि गेली कित्येक वर्षं मैदानामागच्या लाकडी चौकीत माझ्या शेजारी बसून माइकवर सामना सांगणारे. त्यांच्या आवाजाबद्दल काय लिहू? त्यांना वेदीवरही माइक लागत नाही. पण मैदानावर मात्र ते माइक तोंडाशी असा धरतात की पलीकडच्या तळ्यावरची बदकं उठतात.

रविवारी पिच करत होता, म्हणजे बॉल टाकत होता, आपल्या भावाचा, लॅम्बर्टचा कर्ट. लॅम्बर्ट गेला तेव्हा हे पोर शाळेतच होतं. आता तोच गोठा बघतो, दूध काढतो, गवताचे गठ्ठे चढवतो, आणि व्हर्ना वहिनी त्याच्याकडे बघून जगते. (तुला सांगायला नको, पण मी तुला सवय म्हणून सांगते.) शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीत, आमचा लेरॉय. बाकावर मॅनेजर म्हणून अलॉइस. चौकीत मी. म्हणजे पिचर भाचा, शॉर्टस्टॉप मुलगा, मॅनेजर नवरा आणि लिहिणारी मी. हे एरवी कोणाला खुपत नाही, कारण आमच्या गावात कोण कोणाचं नाही? पण रविवारपासून खाटीक ह्यूबर्ट दुकानात येईल त्याला म्हणतो, "सामना कुठला, त्यांच्या घरची ती रविवारची पंगत होती." आणि सॉसेज तोलताना माझ्याकडे बघत नाही, तराजूकडेही बघत नाही.

सातव्या डावापर्यंत तुमच्या लोकांना एकही फटका मारता आला नव्हता. एकही नाही. अशा वेळी गावात काय होतं ते तुला आठवत असेल. कोणी जागा बदलत नाही, कोणी लघवीला उठत नाही, बर्गर भाजणाऱ्या बायका बर्गर उलटायच्या थांबतात आणि ते करपतात. नजर लागेल म्हणून कोणी त्या गोष्टीचं नाव काढत नाही. फादर गॅलससुद्धा माइकवर हवेबद्दल बोलायला लागले. आणि सगळ्या मैदानात मी एकटी अशी होते, की जिला काहीतरी वेगळंच माहीत होतं.

शुक्रवारी कर्ट आमच्याकडे बरण्या तळघरात न्यायला आला होता. बरणी त्याने डाव्या हाताने उचलली. दुसरीही डाव्याने. मी म्हटलं, उजवा कुठे ठेवून आलास? तर हसला. मी दंड धरला तर तोंड असं केलं, की मला एकदम लॅम्बर्ट दिसला, शेवटच्या दिवसांतला. "टिलीआत्या, अलॉइसकाकांना सांगू नकोस," म्हणाला. "एवढा सामना होऊ दे. मग हवा तेवढा आराम करीन." मी वचन दिलं की अलॉइसला सांगणार नाही. (म्हणूनच तुला सांगते आहे. वचनात तुझं नाव नव्हतं.)

आता तूच सांग, मी काय करणार? फटका बसला नाही तोवर अलॉइस त्याला काढणार नाही, काढूच शकणार नाही. बिनफटक्याच्या सामन्यात पिचर काढणारा मॅनेजर या जिल्ह्यात अजून जन्मला नाही, आणि जन्मला तर दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन राहील. कर्ट प्रत्येक बॉल टाकून झाल्यावर हात अंगाशी धरून उभा राहायचा, जसं एखादं लहान मूल कडेवर आहे. आणि मला सारखा तू दिसायला लागलास. ते तुला कधी बोलले नाही मी. तू सेमिनरीला जायच्या आदल्या उन्हाळ्यात त्या अंधार पडेपर्यंत चाललेल्या सामन्यात एकट्याने बॉल टाकून खांदा घालवलास, आणि आजही मिस्सेत वेदीपुढे आपण पवित्र भाकर हनुवटीच्या वर उचलत नाही. लोक म्हणतात, फादर सिरिल किती नम्र, मिरवत नाहीत. मी मागच्या बाकावरून बघते आणि काही बोलत नाही. तुला नुसती भाकर उचलायची आहे रे. कर्टला बादल्या उचलायच्या आहेत, सकाळी आणि संध्याकाळी, माणसाचं आयुष्य असेल तितकी वर्षं.

म्हणून मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. आपल्या गावाविरुद्ध केली. देवा, क्लाइनडॉर्फला एक फटका दे. मोठा नको, एक साधा, जमिनीवरून जाणारा, कोणाचं नुकसान न करणारा. 'नमो मरिये' म्हणायला लागले, निम्म्यावर आले, आणि बॅटचा आवाज झाला.

डोळे उघडले तेव्हा बॉल लेरॉयच्या मागे गवतात होता, लेरॉय पालथा पडलेला, आणि तुमचा पोस्टमन विलफ्रेड पहिल्या बेसवर उभा राहून पँट झटकत होता.

सिरिल, मी बॉल पाहिलाच नाही. तो लेरॉयच्या हातात येऊन सुटला की हाताबाहेरून गेला, मला ठाऊक नाही. शेजारून फादर गॅलस म्हणाले, "चूक! लिहा टिलीबाई, चूक! दिवसाढवळ्या चूक!" पण त्या दिवशी फादरना बॉल कुंपणावरून तळ्यात पडला असता तरी कुंपणाची चूक दिसली असती. सगळं मैदान चौकीकडे वळून बघत होतं. मी पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, फटका. फादरनी ते माइकवर सांगितलं ते अशा सुरात, जसं कोणाची मयत जाहीर करतात.

अलॉइस बाकावरून उठला, लंगडत गेला, कर्टच्या हातातून बॉल घेतला. त्याच्या जागी ह्यूबर्टचा आर्नी आला, आणि पुढच्या दोन डावांत आर्नीने काय केलं ते तुमच्या गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे, मी लिहून कागद वाया घालवत नाही. तुम्ही राज्य स्पर्धेला निघालात, आम्ही टोमॅटोकडे परत आलो.

तेव्हापासून माझं काय चाललंय ते ऐक. गावात दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, टिलीने मुलाच्या नावावर चूक लागू नये म्हणून फटका लिहिला, फटका बघून अलॉइसने कर्टला काढलं, कर्टला काढल्यामुळे सामना गेला, म्हणजे सामना टिलीने घालवला. दुसरा पक्ष माझ्या बाजूचा आहे. तो म्हणतो, आई आहे, लिहिणारच. या दुसऱ्या पक्षापेक्षा पहिला बरा. ह्यूबर्ट दोन्हीकडून बोलतो, कारण माझी पेन्सिल जितकी दोषी तितका त्याचा आर्नी निर्दोष.

आणि सगळ्यांत त्रास लेरॉयचा. तो गिरणीत, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे उभा राहील तिथे सांगतो, "माझ्या हातून सुटला." मला रोज सकाळी कॉफीबरोबर तेच. "आई, चूक माझी आहे. माझ्या नावावर लाव." मी म्हणते, गप बस, पाव खा. तो म्हणतो, "लोक म्हणतात मला आईने पदराखाली घेतलं. मी आता केवढा आहे?" अरे, माझ्याकडे दुसरं कारण आहे, हे त्याला कसं सांगू? कारण सांगितलं तर कर्टचा हात उघडा पडतो. म्हणून मी गप्प, आणि मी गप्प म्हणून लोकांचं खरं.

त्यात आता तो मान. लीगचा या वर्षीचा सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, हे सगळ्या गावांची माणसं येत्या रविवारी आमच्या सभागृहात ठरवणार, आणि तेव्हा मला वही पुढे ठेवायची आहे. कर्ट किंवा तुमचा विलफ्रेड, तिसरं नाव नाही. तो फटका राहिला तर विलफ्रेड, कारण एवढ्या भरात असलेल्या पिचरला फटका मारणारा तो एकटा. ती चूक ठरली तर कर्ट, कारण मग त्याच्याविरुद्ध कोणालाच काही जमलं नाही. गेल्या रविवारी सामन्याआधी मिस्सेनंतर कॉफी पिताना यावर जो वाद झाला तो आपण ऐकायला हवा होता. ह्यूबर्ट म्हणाला, "पिचर आठवड्यातून एकदा येतो. विलफ्रेड रोज बॅट घेऊन उभा. मोलाचं कोण? गाय रोज दूध देते." तर फादर गॅलस कप खाली ठेवून म्हणाले, "मग बैलाशिवाय वासरू आणून दाखव, ह्यूबर्ट." ख्रिस्ती मातांचं अख्खं मंडळ तिथे केक कापत होतं. फादर लाल झाले आणि मग बराच वेळ फक्त हवामानावर बोलले.

पण मी तेव्हापासून विचार करते आहे, सिरिल. मोलाचं म्हणजे काय? माझ्या वहीत धावा आहेत, फटके आहेत, चुका आहेत. फुटलेल्या प्रत्येक अंड्याला जागा आहे. जे फुटलं नाही, कारण कोणीतरी टोपली जरा जपून ठेवली, त्याला रकानाच नाही. एखादा मॅनेजर वेळेवर उठून बॉल काढून घेतो आणि सामना हरतो, तर वहीत फक्त हरणं दिसतं. पुढची तीस वर्षं एक माणूस दोन्ही हातांनी बादल्या उचलतो, ते कोण लिहिणार? आणि तरी मी म्हणते वही खोटी नसावी. रकाना नाही म्हणून दुसऱ्याच्या रकान्यात घुसवायचं, हे मी मंडळाच्या हिशोबात कोणाला करू दिलं नसतं. म्हणून झोप लागत नाही.

म्हणून काल सणाच्या आदल्या दिवशी मी पापनिवेदनाला गेले. दुसरं कोणाकडे जाणार? आमच्याकडे फादर एकच. (पापनिवेदनातलं गुप्त ठेवण्याची शपथ फादरना असते, मला नाही, म्हणून लिहिते.) मी गुडघे टेकले, जाळीतून म्हटलं, फादर, मी देवाकडे चुकीचं मागितलं. मग फादर म्हणाले, "कधी?" मी म्हटलं, रविवारी. "कितव्या डावात?"

मी म्हटलं, फादर, मी पापाबद्दल बोलते आहे, सामन्याबद्दल नाही. ते म्हणाले, "रविवारी दोन्ही एकच होतं." मग मला सांगावं लागलं की मी क्लाइनडॉर्फला फटका मिळू दे म्हणाले. फादरनी एवढा मोठा श्वास घेतला की पडदा हलला. "भावासाठी!" म्हणाले. "सिरिल तिकडे गेला म्हणून!" मी म्हटलं, नाही, त्याच्यासाठी नाही, कारण मला सांगता येत नाही. "मग तुम्ही बॉल पाहिलात की नाही?" मी म्हटलं, नाही पाहिला, डोळे मिटले होते. आता त्यांचा आवाज तुला माहीत आहे. बाहेर रांगेत ह्यूबर्टची बायको होती, आणि तिच्यामागे बाकीचे. "डोळे मिटले होते?" फादर म्हणाले. "टिलीबाई, मी चौकीत तुमच्या शेजारी इतकी वर्षं बसतोय आणि तुम्ही डोळे मिटून लिहिता?" मी म्हटलं, फादर, मला प्रायश्चित्त द्या, जपमाळ सांगा, दोन सांगा. तर म्हणाले, "माळ राहू द्या. खोडरबर घ्या."

मी म्हटलं, खोडरबर हे प्रायश्चित्तात कुठे बसतं ते मला माहीत नाही, आणि न पाहिलेली चूक लिहिणं न पाहिलेल्या फटक्याइतकंच खोटं. तेव्हा फादर म्हणाले, "हे मात्र खरं." आणि जपमाळच दिली. बाहेर आले तर रांगेतल्या बायका एकदम प्रार्थनेची पुस्तकं वाचायला लागल्या. ह्यूबर्टच्या बायकोचं उलटं होतं.

तर आपणास विचारायचं ते हे. मी देवाकडे फटका मागितला आणि मग मीच तो लिहिला. मग तो दिला कोणी? प्रार्थना फळाला आली की मी तिची वाट न बघता स्वतःच फळ लावलं? आपल्या सवडीने कळवावं. शास्त्रात कुठे सापडलं तर पान लिहावं, म्हणजे मला फादर गॅलस यांना दाखवता येईल.

आणखी काय लिहू? घरी सर्वांचा नमस्कार. लोणी कमी खा.

तुझी,
टिली

ता. क. पत्राचं मुख्य काम वर लिहायचं राहिलं. शनिवारी संध्याकाळी निवड आहे. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या गावांनी हरलेल्या गावांतले तीन पिचर मागून न्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. आपल्या भागातून तुम्ही आणि पाइन लेक जाताय. पहिली निवड तुमची. तुम्ही कर्टला घेतलं नाही तर पाइन लेक घेणार, आणि त्यांचा मॅनेजर पिचरला भाड्याच्या ट्रॅक्टरसारखा वापरतो. कर्टला मी आज मिस्सेनंतर म्हटलं, नाही म्हण. तो म्हणाला, "आत्या, नाव पुकारल्यावर कोणी नाही म्हणालंय का? लोक म्हणतील घाबरला." त्याचंही खरं आहे, असं कोणी केलेलं नाही. तेव्हा तू तुमच्या मॅनेजरला सांग, पहिलं नाव कर्टचं घ्या, आणि मग त्याला बाकावर बसवून ठेवा. तुमचा सदरा द्या, कार्यक्रमात नाव छापा, जेवू घाला, पण बॉल हातात देऊ नका. घेतलेला पिचर वापरलाच पाहिजे असा नियम नाही, मी बघून ठेवलंय. तुमची एक जागा वाया जाईल हे मला कळतं. राज्य स्पर्धेत तिसरा पिचर नसणं म्हणजे काय, हेही कळतं. हात का वाचवायचा ते मॅनेजरला एकट्याला सांग. प्रवचनात सांगू नकोस.

ता. क. २. मी सौदा करत नाही, हे आपण जाणताच. फक्त सहज लिहिते, की विलफ्रेडला मान मिळणार तो त्या एका फटक्यावर, आणि वही रविवारपर्यंत माझ्याकडे, स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. पेन्सिलीने लिहिलेली आहे. विलफ्रेड भला माणूस आहे, त्याच्या बायकोलाही माझा नमस्कार सांग.

ता. क. ३. मी कोंबड्यांकडे गेले असताना अलॉइस लाल गाय बैलाला कधी दाखवली ते बघायला जुलैचं पान शोधत आला, आणि पान उलटून हे सगळं वाचून बसला. परत आले तर पान अजून त्याच्या हातात. मी म्हटलं, आता काय? म्हणाला, "विलफ्रेड बाद झाला असता तरी मी पुढच्या बॉलला त्याला काढणार होतो." मी म्हटलं, काय? "आर्नी सहाव्या डावापासून धान्याच्या कोठारामागे हात गरम करत होता. कोणी बघितलंच नाही, सगळे इकडे बघत होते. कर्ट ट्रकचं दार डाव्या हाताने उघडतो, ते मी त्या आठवड्यात पाहिलं होतं." मग चार दिवस गाव मला बोलतंय, तू तोंड का उघडलं नाहीस? तर म्हणतो, "मला कोणी विचारलं नाही." सिरिल, तूच आमचं लग्न लावलंस. मी त्याला रात्रीच्या जेवणाला नुसतं कोबीचं आंबट दिलं आणि सॉसेज लेरॉयला.

ता. क. ४. शुक्रवार, सकाळ. टँकर यायची वेळ झाली. माझ्या पेन्सिलीने कोणाचा हात वाचला नाही, हे कळल्यावर वहीत उरलं काय, तर फक्त बॉल. मग मी लेरॉयला बोलावलं आणि म्हटलं, दाखव कसा आला. त्याने टोमॅटो घेतला (चांगला होता, पण असो), गुडघे वाकवले, आणि दाखवलं. बॉल सरळ हातमोज्यात आला होता. त्याने मूठ मिटायच्या आधी मान वर करून पहिल्या बेसकडे बघितलं, विलफ्रेड किती लांब आहे ते, आणि सुटलेल्या बॉलमागे झेपावताना पालथा पडला. एवढंच. त्याच्याइतकं जवळ दुसरं कोणीच नव्हतं. मी त्याच्यासमोर खोडून लिहिलं, चूक. केवढा खूश झालाय, जसं बक्षीस मिळालं. म्हणजे मी फटका मागितला होता आणि देवाने चूक दिली, तेवढ्यात काम भागत होतं म्हणून. आता मान बहुधा कर्टला जाईल, विलफ्रेडला नाही, आणि तुमचं गाव मला आमच्या गावाइतकंच बोलेल. म्हणजे तुझ्यापुढे ठेवायला माझ्याकडे काही राहिलं नाही, नुसतं मागणं राहिलं. तरी मागते. पहिलं नाव कर्टचं. वहीतली दुरुस्ती तुमच्या लोकांना निवड झाल्यावर सांगितलीस तरी पाप लागणार नाही, असं मला वाटतं. नाही, तसं नको. आधी सांग. पण त्यांची जेवणं होऊ दे.